राखीव टाइट एंड धरून ठेवावा का? डायनॅस्टी लीग खेळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिलअखेर एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट (संघांनी नवे खेळाडू निवडणं) झाला की, आणि नंतर ऑक्टोबरात एखादा नावाजलेला टाइट एंड (तो कोण, ते प्रश्न २मध्ये) जखमी झाला की, मला हेच प्रश्न येतात. विचारणारे पुण्या-मुंबईतले असतात तसे न्यू जर्सी-डॅलसमधलेही. बहुतेकांच्या रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीत, एखादा बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा असतो, त्याच्या पुढे संघात एक जुनाजाणता असतो, आणि जागा अडवून ठेवायची की सोडायची हे ठरत नसतं. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. डायनॅस्टी आणि साधी फँटसी लीग यात फरक काय?

फँटसीत आपण खऱ्या खेळाडूंचा कागदावरचा संघ करतो आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर आपल्याला गुण मिळतात. साध्या लीगमध्ये दर वर्षी नव्याने संघ निवडतात. डायनॅस्टीत तुमचा संघ वर्षानुवर्षं तुमचाच राहतो. दर उन्हाळ्यात फक्त नव्या खेळाडूंचा, म्हणजे रूकींचा, ड्राफ्ट होतो. त्यामुळे आज शून्य गुण देणाऱ्या खेळाडूलाही किंमत असते, आणि राखीव टाइट एंडचा प्रश्न फक्त इथेच पडतो.

२. मला अमेरिकन फुटबॉल नवीन आहे. टाइट एंड नेमका काय करतो, आणि राखीव म्हणजे कोण?

टाइट एंडला दोन कामं असतात. कधी तो आक्रमक फळीच्या टोकाला उभा राहून ब्लॉकिंग करतो, म्हणजे समोरच्याला अंगाने अडवून धरतो. कधी ठरलेल्या मार्गाने, म्हणजे रूटने, धावून पास झेलतो. फँटसीत गुण फक्त दुसऱ्या कामाचे मिळतात. बहुतेक संघ बहुतेक वेळा एकच टाइट एंड मैदानात ठेवतात, म्हणून दुसरा बाकावर.

क्रिकेटमधला राखीव यष्टिरक्षक डोळ्यासमोर आणा. दिनेश कार्तिकने २००४ साली धोनीच्या आधी पदार्पण केलं, पण पुढची कित्येक वर्षं यष्ट्यांमागची जागा धोनीची होती. तरी २००७च्या इंग्लंड दौऱ्यात कार्तिक कसोटी संघात होता, कारण तो वसीम जाफरबरोबर सलामीला गेला. त्या मालिकेत भारताकडून सर्वाधिक धावा त्याच्याच होत्या. पुढचा माणूस हलला नसतानाही त्याने स्वतःसाठी काम शोधलं होतं. राखीव टाइट एंडमध्येही मी सगळ्यात आधी हेच बघतो (प्रश्न ६).

३. तरुण टाइट एंडला तयार व्हायला इतका वेळ का लागतो?

त्याला दोन खाती सांभाळावी लागतात. मुख्यतः पास झेलणाऱ्या वाइड रिसीव्हरने रूट पाठ केले की बरंचसं काम भागतं. टाइट एंडला फळीतल्या पाच जणांबरोबरचे ब्लॉकिंगचे इशारेही पाठ लागतात आणि कॉलेजपेक्षा जड माणसं अडवावी लागतात. ते जमेपर्यंत प्रशिक्षक त्याला फार वेळ मैदानात ठेवत नाहीत, कारण त्याची एक चूक पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या बरगड्यांवर येते.

ट्रॅव्हिस केल्सी २०१३ साली तिसऱ्या फेरीत आला आणि पहिला हंगाम जवळजवळ पूर्ण गुडघ्यामुळे बसून होता. दुसऱ्या वर्षी ६७ झेल, आणि त्या झेलांवर मिळवलेलं अंतर ८६२ यार्ड. जॉर्ज किटलने २०१७ साली पहिल्या वर्षी ५१५ यार्ड केले, आणि पुढच्याच वर्षी १,३७७. घाई न करणाऱ्यांना या दोघांनी भरभरून दिलं. पहिल्याच वर्षी धडाका लावणारेही असतात, त्यांच्याबद्दल प्रश्न ११.

४. ड्राफ्टमध्ये तो कितव्या क्रमांकावर गेला याला किती महत्त्व द्यायचं?

सुरुवातीला बरंच. पहिल्या दोन फेऱ्यांत घेतलेल्याला संघ तीन-चार वर्षं संधी देत राहतो. पाचव्या फेरीतल्याला एक वाईट ट्रेनिंग कँप पुरतो.

पण एकाच संघाने एकाच वर्षी दोन टाइट एंड घेतले असतील तर ड्राफ्टचा क्रम मनातून काढून टाका आणि मैदानाकडे बघा. बाल्टिमोरने २०१८ साली पहिल्या फेरीत २५व्या क्रमांकावर हेडन हर्स्टला घेतलं आणि तिसऱ्या फेरीत ८६व्या क्रमांकावर मार्क अँड्र्यूजला. हर्स्ट आधी व्यावसायिक बेसबॉल खेळून आलेला, त्या ऑगस्टमध्ये पंचवीस पूर्ण झालेला. पहिल्या वर्षी अँड्र्यूजचे ५५२ यार्ड, हर्स्टचे १६३. दोन वर्षांत हर्स्टला अटलांटाला पाठवून दिलं. त्याच बाल्टिमोरने २०२२ साली चौथ्या फेरीत पुन्हा दोघे घेतले, १२८वा चार्ली कोलार आणि १३९वा आयझेया लाइक्ली. झेल मिळाले ते लाइक्लीला. ग्रीन बेने २०२३ साली ४२व्या क्रमांकावर ल्यूक मस्ग्रेव्ह घेतला आणि ७८व्यावर टकर क्राफ्ट. मस्ग्रेव्ह जखमी झाल्यावर क्राफ्टने जागा घेतली ती घेतलीच. २०२४ साली त्याचे ७०७ यार्ड आणि ७ टचडाउन (चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये, नेणं) झाले.

अशा जोडीत डायनॅस्टीचा बाजार आधी नाव पुकारलेल्याच्या मागे धावतो. दुसरा स्वस्तात मिळतो, आणि मी बहुतेक वेळा तोच घेतो.

५. कॉलेजचे आकडे बघावेत का?

बघावेत, पण एका बाजूनेच. कॉलेजात भरपूर झेल घेतले असतील तर ती चांगली खूण आहे. ट्रे मॅकब्राइडने २०२१ साली कोलोरॅडो स्टेटकडून ९० झेल आणि १,१२१ यार्ड केले आणि देशातल्या सर्वोत्तम टाइट एंडला मिळणारा मॅकी पुरस्कार घेतला. एनएफएलमधल्या पहिल्या वर्षीच्या २६५ यार्डांनी त्याच्यावरचा लोकांचा विश्वास उडाला, तेव्हा हेच आकडे आठवायला हवे होते.

उलट बाजू मात्र खरी धरू नका. किटलचे आयोवातल्या पूर्ण कारकिर्दीत मिळून ४८ झेल होते. तिथे टाइट एंडकडून आधी ब्लॉकिंग करून घेतात. कमी आकडे दिसले तर संघ कसा खेळत होता ते विचारा.

६. त्याला सामन्यात दोन-तीनच झेल मिळतात. मग तो चांगला आहे हे ओळखायचं कसं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सावकाश सांगतो.

नवखे लोक स्नॅप मोजतात, म्हणजे तो किती वेळा मैदानात होता ते. टाइट एंडसाठी ती संख्या फसवी असते. पास खेळीत तो किती रूट धावला आणि त्यातल्या किती वेळा चेंडू त्याच्याकडे फेकला गेला, म्हणजे त्याला किती टार्गेट मिळाली, हे मोजा. दोन काल्पनिक खेळाडू घ्या. दोघांचे ४० स्नॅप, दोघांना ४ टार्गेट. पहिला १२ रूट धावला, दुसरा ३०. पहिल्याला दर तीन रूटमागे एकदा चेंडू मिळाला, दुसऱ्याला साडेसात रूटमागे एकदा. बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यात, दोघे सारखे दिसतात. पहिल्याला भूमिका मिळायची बाकी आहे. दुसऱ्याला भूमिका मिळाली आहे, पण क्वार्टरबॅकची नजर त्याच्यावर ठरत नाही. मी पहिला घेईन.

पण लगेच नाही. आधी ती चार टार्गेट डोळ्यांनी बघा. राखीव टाइट एंडसाठी एक ठरलेली खेळी असते. तो ब्लॉक करायला वाकतो, खांदा लावतो, क्वार्टरबॅक रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला) चेंडू दिल्याचं नाटक करतो, सगळा बचाव धावेकडे सरकतो, आणि हा खांदा सोडवून हळूच बाजूला निसटतो. आजूबाजूला पाच यार्डांत कोणी नसतं. तो झेल त्याने कमावलेला नसतो, खेळी आखणाऱ्याने त्याला दिलेला असतो. वर्षभरात असे दहा झेल जमले तर रूटमागचे आकडे फुगतात आणि आपण फसतो.

खरी परीक्षा तिसऱ्या डाउनला, म्हणजे चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला, होते. सात-आठ यार्ड हवे आहेत, पास येणार हे सगळ्यांना माहीत आहे. अशा वेळी तो मैदानात असतो का? हाफ संपायला दोन मिनिटं उरलेली असताना असतो का? कधी फळीपासून लांब, रिसीव्हरच्या जागी उभा केला जातो का? या तीनपैकी दोन प्रश्नांचं उत्तर होकारार्थी असेल, तर पुढचा माणूस कितीही मोठा असो, मी धरून ठेवतो. दर रूटमागे दीड यार्ड हा माझा ढोबळ हिशेब आहे. त्याच्या वर असेल तर ठीक, दोनच्या वर असेल तर उत्तम. मात्र किमान दीडशे रूट झाल्याशिवाय मी तो आकडा उच्चारत नाही.

७. पुढच्या खेळाडूचा करार कधी संपतो हे बघून ठरवावं का?

बघा, पण तारीख म्हणजे वचन नव्हे. झॅक अर्ट्झ या एकाच माणसामागे तीन तरुण बसले आणि तिघांचं तीन तऱ्हेने झालं.

पहिला डॅलस गॉडर्ट. फिलाडेल्फियाने त्याला २०१८ साली ४९व्या क्रमांकावर घेतलं तेव्हा अर्ट्झचा करार २०२१पर्यंत होता. त्याच हंगामात अर्ट्झने ११६ झेल घेतले, टाइट एंडसाठी तेव्हाचा विक्रम. ऑक्टोबर २०२१मध्ये अर्ट्झला अॅरिझोनाला पाठवलं, म्हणजे कराराच्या शेवटच्या वर्षात. कागदावर लिहिलं होतं अगदी तसंच झालं.

दुसरा मॅकब्राइड. अॅरिझोनाने मार्च २०२२मध्ये अर्ट्झशी तीन वर्षांचा करार केला आणि पुढच्याच महिन्यात ५५व्या क्रमांकावर मॅकब्राइडला घेतलं. कागद २०२४ म्हणत होता. अर्ट्झ बत्तिशीत पोचला होता, आधी गुडघा गेला, मग मांडी. ऑक्टोबर २०२३मध्ये दार उघडलं, नोव्हेंबर संपताना अर्ट्झला मोकळं केलं.

तिसरा बेन सिनॉट, २०२४ साली वॉशिंग्टनने ५३व्या क्रमांकावर घेतलेला. अर्ट्झ तिथे एकाच वर्षाच्या करारावर आला होता, वय तेहतीस. सगळ्यांना वाटलं, सिनॉट सहा महिन्यांत जागा घेईल. अर्ट्झने ६६ झेल आणि ७ टचडाउन केले, सिनॉटला वर्षभरात ५ झेल मिळाले, आणि पुढच्या वर्षी अर्ट्झ पुन्हा एका वर्षासाठी परत आला. तिथला आक्रमण प्रशिक्षक क्लिफ किंग्सबरी अॅरिझोनात अर्ट्झचा मुख्य प्रशिक्षक होता. कराराची मुदत सगळ्यांनी वाचली, हे नातं फार थोड्यांनी.

म्हणून मी क्रमाने तीन गोष्टी बघतो: पुढच्याचं वय, त्याच्यावर खेळी आखणाऱ्याचा विश्वास, आणि मग करार.

८. पुढचा गेला किंवा जखमी झाला. आता आमच्या पोराला सगळे पास आपोआप मिळतील ना?

नाही. सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं, आणि माझंही झालं आहे.

डेन्व्हरच्या अल्बर्ट ओक्वेग्बुनामला मी २०२०पासून सांभाळला होता. चौथ्या फेरीतला, पण चाळीस यार्ड ४.४९ सेकंदांत धावणारा. पुढे नोआ फँट होता. मार्च २०२२मध्ये रसेल विल्सनच्या मोठ्या अदलाबदलीत फँट सिअॅटलला गेला. त्या आठवड्यात मला ओक्वेग्बुनामसाठी दोन चांगल्या ऑफर आल्या आणि मी दोन्ही नाकारल्या. पुढच्याच महिन्यात डेन्व्हरने तिसऱ्या फेरीत ग्रेग डल्सिच घेतला. ओक्वेग्बुनामचे त्या हंगामात १० झेल झाले. त्या ऑफरमधली दोन नावं मी नंतर कितीदा तरी लीगच्या जुन्या नोंदींत जाऊन बघितली आहेत.

मिनेसोटात तर तिसराच पुढे आला. मार्च २०२१मध्ये काइल रुडॉल्फला सोडलं, सगळे अर्व्ह स्मिथ ज्युनियरवर तुटून पडले. त्याचा गुडघा गेला आणि तो पूर्ण हंगाम बाहेर. ६१ झेल घेतले ते २०१८ साली पाचव्या फेरीत आलेल्या टायलर कॉन्क्लिनने.

जागा रिकामी झाली की संघाकडे चार पर्याय असतात: आहे त्याला बढती, ड्राफ्ट, बाहेरून विकत घेणं, किंवा टाइट एंडकडे चेंडू फेकणंच कमी करणं. आपण फक्त पहिला धरून चालतो. रिकामी जागा मार्चमध्ये झाली असेल तर संघाला बाकीचे तीन पर्याय वापरायला वेळ मिळतो. ऑक्टोबरात झाली तर पोराला खरी संधी मिळते. मार्चची बातमी मी आता विकायला वापरतो, ऑक्टोबरची धरायला.

आणि संधी मिळाल्यावरही लगेच निकाल लावू नका. अर्ट्झचा गुडघा नोव्हेंबर २०२२मध्ये गेला तेव्हा मॅकब्राइडला अर्धा हंगाम मिळाला होता. अटलांटाविरुद्धचे ७ झेल, ७८ यार्ड सोडले तर त्यात नाव घेण्यासारखं फार नव्हतं. पुढच्या वर्षी ८१ झेल, ८२५ यार्ड.

९. राखीव असून एका सामन्यात त्याने धमाका केला. विकू का?

५ सप्टेंबर २०२४, कॅन्सस सिटीत हंगामाची पहिली लढत. भारतात शुक्रवारची सकाळ होती. बाल्टिमोरच्या आयझेया लाइक्लीने ९ झेल घेतले, १११ यार्ड, एक टचडाउन. त्याच्या पुढच्या मार्क अँड्र्यूजचे त्या रात्री दोन झेल. शेवटच्या खेळीत चेंडू एंड झोनच्या मागच्या कडेला लाइक्लीच्या हातात पडला, पंचांनी टचडाउन दिला, आणि मग रिप्ले आला. टाच नव्हे, बुटाचं फक्त टोक पांढऱ्या रेषेवर टेकलं होतं. बाल्टिमोर २७–२० असा हरला.

त्या आठवड्यात लाइक्लीसाठी पहिल्या फेरीचे पिक (रूकी ड्राफ्टमधला निवडीचा हक्क) द्यायला तयार असलेले लोक मी बघितले. पूर्ण हंगामात त्याचे ४२ झेल आणि ४७७ यार्ड झाले. म्हणजे उरलेल्या सगळ्या सामन्यांत मिळून ३३ झेल, ३६६ यार्ड. पोरगा गुणी आहे याबद्दल मला शंका नाही. पण अँड्र्यूज तिथेच होता आणि तब्येतीने परत येत होता. पुढचा माणूस संघात असताना आलेला धमाका ही विकायची वेळ, पुढचा माणूस नसताना सलग तीन आठवडे आलेले साधे सहा-सहा झेल ही धरायची.

त्यातच लाइक्लीचा चार वर्षांचा रूकी करार २०२५पर्यंतच होता, आणि डिसेंबर २०२५मध्ये बाल्टिमोरने अँड्र्यूजशीच नवा तीन वर्षांचा करार केला. राखीवाचा स्वतःचा करार कधी संपतो हेही लिहून ठेवा. पुष्कळदा त्याची मुदत पुढच्याच्या आधी संपते.

१०. आमचा संघ दोन टाइट एंड एकत्र खेळवतो. मग दोघेही चालतील का?

क्वचित. एक रनिंग बॅक आणि दोन टाइट एंड अशा रचनेला तिथे ‘१२’ म्हणतात. त्यात दुसरा बहुतेक वेळा ब्लॉकिंगसाठी असतो. फिलाडेल्फियात २०१९ साली अर्ट्झचे ८८ झेल आणि गॉडर्टचे ५८ झाले, पण तेव्हा रिसीव्हर एकामागून एक जखमी झाले होते. ‘१२’मध्ये तो किती रूट धावतो ते बघा, पुढचं प्रश्न ६मध्ये आहे.

११. लापोर्टा आणि बावर्स पहिल्याच वर्षी चमकले. मग तीन वर्षं थांबायचं गणित जुनं झालं का?

थोडं बदललं आहे. सॅम लापोर्टाने २०२३ साली पहिल्या वर्षी ८६ झेल आणि १० टचडाउन केले. ब्रॉक बावर्सने २०२४ साली ११२ झेल, १,१९४ यार्ड केले आणि माइक डिटकाचा १९६१पासूनचा रूकी टाइट एंडचा १,०७६ यार्डांचा विक्रम मोडला. पण या दोघांच्या पुढे संघात मोठा कोणी नव्हता किंवा संघाने त्यांच्यासाठी पहिल्या दिवसापासून जागा केली होती. राखीव म्हणून आलेल्याला हे माप लावू नका.

याच गोष्टीची दुसरी बाजू मायकेल मेयर. लापोर्टा ३४वा गेला आणि लगेच ३५वा मेयर, लास व्हेगासला. पहिल्या वर्षी ३०४ यार्ड, म्हणजे सामान्य प्रगती. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच संघाने तेराव्या क्रमांकावर बावर्स घेतला, मेयरपेक्षा वयाने लहान. पुढचा माणूस तरुण असेल तर थांबण्यात अर्थ उरत नाही. तिथे फक्त संघबदलाची आशा असते, आणि त्या आशेला मी तिसऱ्या फेरीच्या पिकापेक्षा जास्त देत नाही.

१२. लीगच्या नियमांनी काय फरक पडतो?

फार. तुमच्या लीगमध्ये टीई प्रीमियम असेल, म्हणजे टाइट एंडच्या झेलाला एकऐवजी दीड गुण, तर धरण्याची मर्यादा वाढवा. टॅक्सी स्क्वॉड (तरुण खेळाडू ठेवायला रोस्टरबाहेरच्या जागा) असेल तर रूकी टाइट एंडची जागा तिथेच, कारण त्याची पहिली दोन वर्षं तशीही वाट बघण्याची असतात. बारा संघ, पंचवीसच्या आत रोस्टर आणि टॅक्सी नाही, अशी लीग असेल तर एकापेक्षा जास्त राखीव टाइट एंड ठेवू नका. ती जागा एखादा रनिंग बॅक दोन आठवड्यांत वसूल करून देतो.

१३. माझा मुख्य टाइट एंड आहे त्याचाच राखीव घेऊन ठेवू का?

रनिंग बॅकच्या बाबतीत हे शहाणपणाचं असतं, कारण पहिला बसला की त्याच्या धावा दुसऱ्याला मिळतात. टाइट एंडचे पास मात्र रिसीव्हर आणि रनिंग बॅकमध्ये वाटले जातात. तुमच्याच खेळाडूचा राखीव घेण्यापेक्षा दुसऱ्या संघातला, प्रश्न ६च्या परीक्षेत उतरलेला घ्या.

१४. मी भारतात राहतो. टाइट एंड खेळणार की नाही हे वेळेत कसं कळणार?

न खेळणाऱ्यांची यादी सामन्याच्या दीड तास आधी येते. रविवारचे पहिले सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात, म्हणजे यादी नऊला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की सामने साडेअकराला आणि यादी दहाला. यादी आणि सामना यांमधल्या त्या दीड तासात मोकळे राहा. पुढचा बसणार हे नऊ वाजता कळलं तर राखीवाला तेव्हाच खेळवता येतं. गुरुवारचा सामना आपल्याकडे शुक्रवारी पहाटे पावणेसहाच्या सुमारास (घड्याळं मागे गेल्यावर पावणेसातच्या) असतो, त्याचा संघ झोपण्याआधी लावून ठेवा.

१५. शेवटी सोडायचा कधी?

यातली दोन लक्षणं दिसली की मी सोडतो. संघाने पहिल्या तीन फेऱ्यांत दुसरा टाइट एंड घेतला. ऑगस्टच्या सराव सामन्यांत तो चौथ्या क्वार्टरपर्यंत खेळवला जातोय, म्हणजे प्रशिक्षकांना त्याला जपायचं नाही. तिसरा हंगाम सुरू झाला तरी तिसऱ्या डाउनला तो बाहेरच बसतो.

१६. वाइड रिसीव्हरचा टाइट एंड केलेला, वय सव्वीस-सत्तावीस. तो ‘तरुण’ धरायचा का?

वय बघू नका, या जागेवर त्याचा कितवा हंगाम आहे ते मोजा. डॅरेन वॉलर २०१५ साली सहाव्या फेरीत रिसीव्हर म्हणून आला, नंतर टाइट एंड झाला, बंदीमुळे २०१७चा पूर्ण हंगाम गेला. नोव्हेंबर २०१८मध्ये रेडर्सनी त्याला बाल्टिमोरच्या सराव पथकातून उचललं. उरलेल्या सामन्यांत त्याचे फक्त ६ झेल, पण ७५ यार्ड. पुढे जेरेड कुक होता, तो मार्च २०१९मध्ये न्यू ऑर्लिन्सला गेला. प्रश्न ८च्या नियमाने मी तेव्हा सावध राहिलो असतो. संघाने मात्र मोठा टाइट एंड ना ड्राफ्टमध्ये घेतला ना बाहेरून आणला. त्या हंगामात वॉलरने ९० झेल आणि १,१४५ यार्ड केले. मार्चपासून ऑगस्टपर्यंत संघाने त्या जागेवर मोठं कोणी आणलं नाही, तर वेव्हरवर (लीगमध्ये कोणाच्याच संघात नसलेल्यांत) असा खेळाडू शोधायला सप्टेंबरची वाट बघू नका.